विहिरीत उताणी

मळा, घनसावंगी
११ मे, सोमवार

चि. दैवशाला हिला थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद.

आमच्याकडं सगळे मजेत. म्हैस व्याली, रेडी झाली. तुमच्याकडली खबर फोनवरच विचारली असती, पण तुझ्या नातवाच्या, सुमितच्या, लग्नाला मी आले न्हाई तवापासून तू माझा फोन उचलत न्हाईस. म्हणून चौथी शिकलेल्या हातानं लिहून राह्यले. पत्राचं एक बरं हाय, तुला मधीच तोडता येत न्हाई. राग असू दे, पण शेवटापर्यंत वाच. परवा तुझ्या सुनेचा फोन आल्ता, त्याचं बी बोलायचंय.

आधी आनंदाची खबर. मी पोहायला शिकले! हसू नको. अन् ते बी उताणी. पाठीवर पडायचं, तोंड आभाळाकडं, अन् एक एक हात कानाला घासून मागं टाकायचा. माझ्या लेकाची, कल्याणची, मोठी पोरगी अर्पिता संभाजीनगरच्या कॉलेजात तलावात हे शिकली. सुट्टीला आली अन् म्हणली, "आज्जे, तुला शिकवते." मी म्हणलं, "बाई, मी आता सरपणाच्या जवळ गेले, मला काय शिकवतीस?" तर म्हणती, "लाकूडच तर तरंगतं!" घे. कॉलेजातलं शिक्षण.

यंदा पाटाला पाणी सुटलं म्हणून मळ्यातली पायऱ्यांची विहीर भरून हाय. गडीमाणसं न्याहारीला घरी गेले की आम्ही जायचो. लुगड्याचा काष्टा, वरून कल्याणचा जुना शर्ट. माझी सून भावना मोटारीच्या खोलीपाशी राखणीला.

पहिल्या दिवशी कल्याणनं गावच्या रीतीनं तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधून दिल्ता. आपल्याकडचे समदे पोरं तसेच शिकले. पण ते पालथे पोहायचे ना! मी उताणी झाले की डबा खालून वर यायला बघायचा अन् मला भाकरीवानी पलटायचा. नाकातोंडात पाणी. कल्याणला वरडले तर तो म्हणतो, "माय, आमचा डबा बराबर हाय, तूच उलटी हायस." मंग अर्पितानं डबा सोडून टाकला अन् आपला हात माझ्या पाठीखाली धरला. म्हणली, "मान सैल सोड आज्जे. पोट वर. आता कुणाचाच भार धरू नको."

दैवे, आपल्याला असं कुणी कधी म्हणलं का गं?

एक दिवस तिचा हात कधी निघाला ते कळलंच न्हाई. कानात पाणी, बाहेरचं काही ऐकू येईना, आपलाच श्वास तेवढा. वर गोल आभाळ, कडेला सुगरणीचे खोपे. मी तशीच पडून राह्यले, जागची हालले न्हाई.

त्यात शेजारचे साहेबराव मोटार चालू करायला आडवाटेनं आले. भावना कैरी खाऊन राह्यली, तिचं ध्यान न्हाई. अर्पिता पायरीवर आडोशाला. साहेबरावांनी वाकून पाह्यलं. आपल्याकडं विहिरीत माणूस असं दिसलं की त्याचा अर्थ एकच. बोंबलत सुटले, "धावा रे, नंदावहिनी गेल्या!" मी खालूनच वरडले, "न्हाई गेले भाऊजी, हितंच हाय!" तर ते मटकन बांधावर बसले. आता चहाला बोलावलं तरी येईनात.

समदे हसले, मी बी हसले. पण पायऱ्या चढताना दोनदा मागं वळून पाण्याकडं पाह्यलं. कारण मागल्या साली ते खरं व्हायला वेळ लागला नसता.

आता सांगते. गुडघे दुखतात म्हणून लग्नाला आले न्हाई, ते खोटं. त्या हप्त्यात मी संभाजीनगरला दवाखान्यात होते. छातीत गाठ निघाली, डाव्या अंगाला. कॅन्सर म्हणले. ती बाजू काढून टाकली. तुमच्या मांडवात रडारड नको म्हणून मीच समद्यांना शपथ घातल्ती. काखेतलं बी काढलं, म्हणून हात खांद्याच्या वर जाईना. भावनानं तवापासून माझं डोकं धुतलं, केस विंचरले, एकदा तोंड वाकडं केलं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितल्ती, मी कंटाळा करायची. मंग अर्पितानं त्यांनाच विचारून हे पोहणं काढलं. काल मी माझ्या हातानं अंबाडा बांधला. वाकडा झाला. भावना आरसा धरून उभी होती, ती रडली अन् मी तिला हसले.

आता तुझ्या सुनेचं. तिनं सांगितलं, तुझ्या काखेत गाठ हाय, दिवाळीपासून. तू हळद-चुना लावतीस अन् दाखवायची लाज वाटती म्हणतीस.

दैवे, मायला बी तशीच गाठ होती. ती चिघळली तरी तिनं पदराखालीच झाकली. तू परकरात होतीस, तुला आठवत नसंल. मला तो वास आठवतो.

सगळ्याच गाठी वाईट नसतात, डॉक्टरीणबाई म्हणल्या. पण घरी बसून ते कळत न्हाई. माझी जल्दी सापडली म्हणून मी तुला हे लिहून राह्यले.

पुढच्या सोमवारी मी अन् अर्पिता पहिल्या गाडीनं निघतो, जालन्यात गाडी बदलून हसनाबादला येतो. तू दार लावून घेतलंस तर मी ओट्यावर बसून गाव जमा करीन, तुला माझा आवाज ठाऊक हाय. दवाखान्यात आतल्या खोलीत तुझ्या संगं मी येणार. तिथं तू एकटीनं पदर काढायचा न्हाई. आधी मी काढीन.

देवानं मला एवढं दिलं. नात दिली, सून लेकीवानी दिली, गेलेला हात माघारी दिला. त्याच्याकडं आता बहीण मागते. भांडायला तरी राहू दे.

वाट बघ, नको बघू, मी येणारच.

तुझी थोरली,
नंदी