उजवी टाच

१० फेब्रुवारी, मंगळवार

माफ कर, वहीबाई. सात महिने तुझ्याकडे फिरकले नाही. शेवटची नोंद आत्ता वाचली — ‘आता रोज लिहायचंच.’ वा! आणि आज आले, तीही मला गरज पडली म्हणून.

रानमामा गेला. टीव्हीवर साप-मगरी दाखवणारा.

काल सकाळी. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला होता. हातात मासिक. मान कलली. शेजारच्या बाईंना वाटलं, डुलकी लागली. बावन्न वर्षांचा.

बातमी ऐकून नवरा म्हणाला, “मगरीच्या जबड्यात हात घालणारा माणूस, आणि गेला कुठे — दातांच्या डॉक्टरकडे!” मग स्वतःच ओशाळला. न सांगता उठून चहा टाकला.

११ फेब्रुवारी

सगळीकडे तोच. दूध आणायला गेले तर दुकानातली बाई डोळे पुसत पिशवी देत होती. “आमच्या पोरीची पालीची भीती त्यानं घालवली हो! घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटतंय.” मी मान हलवली. काय सांगणार? की बाई, टीव्हीवर तो पाचोळ्यातून चालायचा ना, ती पावलं माझी?

खरंच माझी. जंगलात वारा असतो, कॅमेरावाल्यांचे पाय असतात, तिथला आवाज फेकूनच द्यावा लागतो. मग मी स्टुडिओत पडद्याकडे बघत, कधी पाचोळ्याच्या ट्रेमध्ये, कधी वाळूच्या घमेल्यात, त्याचे बूट घालून चालते. आत दोन जोड मोजे, कारण बूट मोठे. साप सरपटतो तो माझ्या जुन्या रेनकोटाचं अस्तर. अकरा वर्षं हेच.

मनाला तपासून पाहिलं — मला दुःख झालंय, की दुःखातसुद्धा मानाचं पान हवंय? प्रत्यक्ष भेट सगळी मिळून चार वेळा.

१२ फेब्रुवारी

शेवटच्या भागाची पावलं अजून व्हायचीत. कोरड्या नदीपात्रातून तो एकटा चालत जातो, मोठा प्रसंग आहे. २८ तारखेपर्यंत हवीत.

बूट कोपऱ्यात वर्तमानपत्रावर आहेत. आज पाय घालायला गेले. नाही घातला.

१४ फेब्रुवारी

ओळख भांडणातून झाली, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पहिला भाग लागला आणि त्याचा फोन. “बाई, घुबड उडताना आवाज करत नाही. तुम्ही पंख फडफडवलेत. काढून टाका.” चामड्याचे हातमोजे झटकून केवढ्या हौसेनं केले होते मी ते पंख! काढले. पण मलाही राहवेना. म्हटलं, “आणि तुमची पावलं? तीही खोटीच आहेत की.” खळखळून हसला. “घुबडाला वकील नाही म्हणून मी भांडतो. माझे पाय तुमच्या हवाली, पाऊलबाई.”

आठवड्यानं पार्सल आलं. त्याचे जुने बूट. आत चिठ्ठी — ‘चिखल अस्सल आहे, झाडू नये.’

उजवी टाच एका बाजूनं पार झिजलेली. पाऊल टाकलं की ती खरवडल्यासारखी वाजायची. बूट दुरुस्त करणारे काका उलटसुलट बघून म्हणाले होते, “ह्या माणसाचा एकाच पायावर राग दिसतो!” त्यांनी नवा तुकडा ठोकून टाच सपाट करून दिली. मग काय पावलं आली! एकसारखी, भारदस्त. दिग्दर्शक खूश. मीही.

१७ फेब्रुवारी

त्याच्या बहिणीचा फोन! माझा नंबर त्यांना कानसेननं दिला. (आमचा ध्वनिमुद्रक. दोन ओळी सुरात म्हणता येत नाहीत, पण दुसऱ्या खोलीत टाचणी पडली तर ‘गादीवर पडली की फरशीवर’ ते सांगतो.)

ताई म्हणाल्या, “आईला दिसत नाही हो आता. दर रविवारी टीव्हीकडे कान करून बसायची. तो गेल्यापासून ना रडली, ना धड बोलली. येणाऱ्याला बसा म्हणते, जाणाऱ्याला सावकाश जा म्हणते, बस्स. काल एवढंच म्हणाली — त्याचं चालणं ऐकवा. बोलणं नको. बोलायचा तो सगळ्यांशीच.”

मी लगेच हो म्हटलं.

मग त्या जरा हसल्या. “घरी तर पाय फरफटत यायचा! आई लहानपणापासून ओरडायची, पाय उचलून चाल म्हणून. टीव्हीवर लागला की मला म्हणायची, बघ, चारचौघांत कसा ऐकतो माझं!”

फोन ठेवला आणि कोपऱ्यातला उजवा बूट उलटा करून पाहिला. टाच सपाट.

तो ऐकत नव्हता. मी चालत होते.

१८ फेब्रुवारी

कानसेनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “त्यात काय एवढं? तुझी पावलं पाठव.”

“ती त्याची नाहीत.”

“अगं, तिनं अकरा वर्षं तीच ऐकलीत. तिच्यापुरती त्याचीच.”

“खरी कुठे राहिलीत का, बघ ना,” मी म्हटलं.

तोंडानं नाही म्हणत दोन तास शोधलं मात्र त्यानंच. जंगलातले मूळ आवाज आम्ही दर वर्षी पुसून टाकतो. एक तुकडा चुकून राहिला होता. कॅमेरा बंद झाल्यावर रानमामा कॉलरचा माइक काढायला विसरला आणि तसाच तंबूपर्यंत चालत गेला. दीड मिनिट. नाक ओढतो. काहीतरी गुणगुणतो. आणि उजवी टाच — खर्र. पाऊल. खर्र. पाऊल.

कानसेन हळूच म्हणाला, “हे आपण काढून टाकत होतो होय?”

१९ फेब्रुवारी

ताईंना पत्र लिहिलं. फाडलं.

२० फेब्रुवारी

खरी पाठवली तर म्हातारीचं ‘ऐकतो माझं’ जाणार. तेवढंच उरलंय तिच्याकडे. माझी पाठवली तर — घुबडाचे पंख!

आणि ह्याहून वाईट प्रश्न : खरी पाठवावीशी वाटतात ती तिच्यासाठी, की माझ्या मनाला टोचणी नको म्हणून?

नवरा म्हणाला, “तू ना, मीठ घालतानासुद्धा मिठाची परवानगी घेशील.”

शेवटी दीड मिनिटाचा तुकडा ताईंना पाठवला. सोबत सगळं कबूल केलं — बूट, टाच, अकरा वर्षं. लिहिलं, ‘आईंना हे ऐकवायचं की नाही, तुम्ही ठरवा. म्हणाल तर माझी पावलंही पाठवते.’

म्हणजे ओझं त्यांच्या गळ्यात घालून मी मोकळी! भित्री कुठली.

२३ फेब्रुवारी

उत्तर नाही.

२५ फेब्रुवारी

दिग्दर्शकांचा फोन. “नदीपात्र झालं का?” म्हटलं, परवा-तेरवा करते. ते म्हणाले, “नेहमीसारखं दमदार चाला. शेवटचं आहे.”

ताईंकडून काही नाही. त्या रागावल्या असतील. एका आंधळ्या बाईचा मुलगा मी दुसऱ्यांदा हिरावून घेतला, असंही मनात आलं. मग वाटलं, एवढी मोठी नाहीये मी. पाचोळ्याचा ट्रे झाडून घेतला. उगाच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईंचा फोन आला.

पाच दिवस धीर होईना, म्हणाल्या. काल दुपारी ऐकवलं. कसलं आहे ते सांगितलं नाही, नुसतं लावलं. आई मान तिरकी करून ऐकत होती. आठ-दहा पावलं झाली असतील. एकदम दाराकडे तोंड करून ओरडली — “अरे, पाय उचलून चाल!”

मग रडली. संध्याकाळपर्यंत. मग स्वतःहून जेवायला मागितलं. आज सकाळपासून म्हणतेय, पुन्हा लावा.

माझी पावलं मागितली नाहीत.

उद्या : स्टुडिओत जाण्याआधी बूटवाल्या काकांकडून उजव्या टाचेचा तुकडा काढून घ्यायचा.