आपलं बिनविरोध गाव

अण्णा, उद्या अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आहे आणि विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही. सरपंचपदासाठी गावात दोन अर्ज आलेत. दुसरा माझा आहे.

भूकंपानंतरची पत्र्याची शेडं आठवतात. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजते आहे, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झालेत, आणि तुम्ही शाळामास्तर म्हणून माणसं तुमच्याभोवती बसली आहेत. तुम्ही म्हणता, "घरोघरचं माणूस गेलंय. आता मतासाठी भांडून कुणाला काय दावायचंय? बिनविरोध करू." सगळ्यांनी शब्द दिला. मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

तेव्हा ते बरोबरच होतं. पण अण्णा, तीच रीत पडली. भूकंपानंतर वसवलेल्या या नव्या गावात पंचायतीचं मतदान कधी झालंच नाही. चारपाच जण मंदिरात बसून नाव ठरवतात आणि नारळ फुटतो. आमदारकीच्या वेळी हीच मंडळी खालच्या गल्लीतल्या म्हातारीच्याही पाया पडतात, कारण तिथं मत लागतं. पंचायतीला मत लागत नाही, मग माणूसही लागत नाही. त्या गल्लीत नळ अजून पोचलेला नाही. विचारलं की "बघू की" म्हणतात. पडायची भीतीच नसेल तर कोण कशाला बघेल?

काल तुमचे जुने मित्र घरी आले. "मास्तरनं गाव एक केलं अन् तू फोडायलास? लातूरला क्लासमधी पोरं शिकवत होतास, तेच बरं व्हतं." मी नळाचं काढलं. "नळ येतोय की आज ना उद्या. बापाचा शब्द गेला तर येतोय व्हय माघारी?" आई आतून म्हणाली, "काढून घे रे बाबा. ह्यांच्या मागं ह्यांचा शब्द मोडू नको." खालच्या गल्लीतलेही आता माझी नजर चुकवतात. ज्यांच्यासाठी उभा राहिलो, तेच म्हणतात भांडण नको. जीव नुसता गुदमरतो, अण्णा. तुमच्याच शब्दानं मला कोंडलंय आणि तो परत घेणारे तुम्ही एकटेच होता.

तरी अर्ज काढणार नाही. तुम्ही असता तर तुमच्यासमोर हात जोडून मत मागायची माझी छाती झाली नसती. अर्जच भरला नसता. हे पत्र टपालात टाकता येणारच नाही, म्हणून कबूल करतो: तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा, तुम्ही नाही याचं मला बरं वाटलं.