तो दार धरून का उभा राहिला?

प्रिय सेव्हर,

आधी सूप पी, मग हे वाच. घेवड्याचं आहे, धुरावलेलं हाड घालून केलंय, आणि यावेळी डबा अर्धा भरलेला परत आला तर मी स्वतः तोंडाला मास्क लावून खाली येईन, मग मला कोण अडवतं ते बघते. पत्र लिहायची वेळ आली, कारण फोनवर तू माझं ऐकत नाहीस. मी बोलायला लागले की तू "हं, हं, ठीक आहे, झोप तू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. चौदा वर्षांच्या संसारात तू मला कधी "झोप तू" म्हणाला नव्हतास. कागद काही मध्येच ठेवून देता येत नाही. तुझ्या पथकातला मितू तो दाराच्या फटीतून आत सरकवेल. तू वाचून संपवेपर्यंत तो बाहेर उभा राहणार आहे. त्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात किती हवा असते हे तुला मी सांगायला नको, तेव्हा भराभर वाच.

इकडची बातमी म्हणजे काल नेलू वर आला. तुम्ही पाच जण पंपांच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलंत, त्यातला वर आलेला तो चौथा. माझ्या दिव्यांच्या खिडकीशी आला, दिवा काउंटरवर ठेवला, पण माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "नेलू, तो?" तर म्हणाला, "वहिनी, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. दाराला आतून साखळी लावलीय त्याने. मी खोकून खोकून रक्त ओकायला लागलो तेव्हा मला बाहेर ढकललं आणि परत साखळी लावली." एवढं बोलून तो बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. तुला माहीत आहे तो कसा आहे. त्याच्या बापाला पुरलं तेव्हासुद्धा तो विनोद करत होता. आता दिव्यांच्या फळीवर एकच हूक रिकामा आहे. म्हणजे खरं तर दोन आहेत, पण दुसऱ्याकडे मी बघत नाही.

मला भीती वाटते, सेव्हर. सरळ सांगते, तुझ्यापुढे कसला आव आणायचा? खालचा मोठा पंखा धड चालत नाही, त्याचा आवाज वरपर्यंत येतो, आणि तो मध्येच अडखळला की मी हातातलं काम टाकून उभी राहते. वायू रोज थोडाथोडा वाढतोय असं इंजिनिअर बालान म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून मितूला विचारलं, तर मितू खाली बघून मास्कचे पट्टे पुसायला लागला. मितूने पट्टे पुसायला घेतले म्हणजे काय, ते तुलाही कळतं आणि मलाही.

तुला तो सिनेमा आठवतो का? गेल्या शरदात कामगार भवनात लागला होता. तू, मी आणि आमचे बंधुराज तावी गेलो होतो, तावीने सूर्यफुलाच्या बियांचा एवढा मोठा पुडा आणला होता आणि पुढच्या बाईच्या केसांत सालं उडवत होता. निळ्या झग्यातला तो वीर अख्खा सिनेमाभर उडाला, पूल उचलले, आगगाडी हाताने थांबवली. आणि शेवटी काय, तर भुयारात पाणी शिरतं, सगळी माणसं बाहेर पळतात, आणि हा गडी लोखंडी दार आतून धरून उभा राहतो. ती मुलगी त्याला म्हणते, चल. हा हसतो आणि दार लावून घेतो. बाहेर लोक मेणबत्त्या लावतात, पुतळा उभारतात, संपलं. तू रडत होतास. अंधारात मला दिसणार नाही असं वाटलं असेल तुला, पण तू नाक ओढतोस तेव्हा तीन रांगांना ऐकू जातं.

आणि तावी! बाहेर आल्यापासून घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं. "डोंगर उचलतो आणि एका दाराला अडसर लावता येत नाही? ह्याला आमच्या शिफ्टवर पाठवा, दोन लाकडं ठोकून संध्याकाळी घरी जेवायला येईल." तू चिडलास. "तुला सगळ्याची थट्टाच सुचते. कुणीतरी धरून ठेवायलाच लागतं, तावी. सगळेच पळाले तर दार धरणार कोण?" तो म्हणाला, "अरे पण सगळे बाहेर पडलेत ना? मग आता कोणासाठी धरतोय, माशांसाठी?" मग घरी स्वयंपाकघरात आईने तुम्हा दोघांपुढे मक्याची मामालिगा आदळली, तरी तुमचं चालूच. तू म्हणालास, त्यात अर्थ आहे, तो तसा मेला म्हणून बाकीच्यांना जगण्याची किंमत कळली. तावी म्हणाला, अर्थबिर्थ काही नाही, लिहिणाऱ्याला शेवट सापडला नाही म्हणून त्याने माणूस बुडवला. मीठ हवंय का विचारावं तशा आवाजात आईने विचारलं, त्याला आई होती का रे? तुम्ही दोघं हसलात. मीही हसले.

त्या वादात मी गप्पच होते, कारण मला धड कुठली बाजू सापडेना. आता सापडली आहे. मला तो माणूस मेला ह्याचा राग नाही. लोक मरतात, ह्या खोऱ्यात तर कोणाच्या घरात भिंतीवर काळी फीत लावलेला फोटो नाही? मला राग ह्याचा आहे की त्या मुलीने "चल" म्हटलं आणि त्याने ते ऐकलं नाही. ज्यांच्यासाठी मरायचं, त्यांनाच त्याने विचारलं नाही. त्यांच्या वतीने स्वतःच ठरवून मोकळा झाला. आणि मग ती मुलगी आयुष्यभर काय करणार, हे कुठल्या सिनेमात दाखवतात? ती रोज सकाळी उठणार, केस विंचरणार, त्या पुतळ्यासमोरून कामावर जाणार, आणि लोक तिला म्हणणार, किती भाग्यवान तू. मी असल्या भाग्यावर थुंकते, सेव्हर.

आणि तू तर बचाव पथकातला! नवीन पोरं भरती झाली की तू त्यांना पहिल्या दिवशी काय शिकवतोस? मी दिवे देताना खिडकीतून शंभरदा ऐकलंय. एकट्याने जायचं नाही. परतायची वेळ झाली की परतायचं, पुढे माणूस ओरडत असला तरी परतायचं, कारण तुम्ही पडलात तर तुम्हाला आणायला आणखी पाच जणांना जावं लागतं. एकदा एका पोराने विचारलं, "पण साहेब, आपलाच भाऊ असला तर?" तू म्हणालास, "भाऊ असला तर तुला पथकात घेणारच नाही, वर बसवीन." तुझा तो नियम तूच मोडलास. खाणीत कोसळलेल्या दरडीमागे तावी होता, तुझा मेहुणा, तुला वर बसवायला हवं होतं, पण कोणाची हिंमत झाली नाही, आणि मीही बोलले नाही. कारण मला वाटत होतं, दुसरा कोणी नाही तरी तू त्याला आणशील. मला शेवटपर्यंत असंच वाटत होतं.

तुम्ही हातांनी खणलंत. नखं गेली सगळ्यांची. मग वायूचा भडका उडाला आणि वरून हुकूम आला की बस, खाण बंद, पंप थांबवा, पाणी भरू द्या, पाण्याने आग विझते. तेव्हा तू चार जणांना घेऊन खाली जाऊन बसलास, कारण खाली जिवंत माणूस असताना पंप कोणी थांबवू शकत नाही. सगळं खोरं फाटकाशी जमलं होतं. टाळ्या पडल्या. बायकांनी तुमच्या नावाने मेणबत्त्या लावल्या. मी पण लावली. आणि तू खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात चढायच्या आधी आई गर्दीतून पुढे आली, तुझ्या कोटाची बाही धरली आणि म्हणाली, "सेव्हर, माझ्या पोराला पाण्यात सोडून येऊ नकोस." तू तिचा हात चुंबलास. त्या एका वाक्यापायी तू तिथे बसला आहेस, हे मला माहीत आहे. बाकीच्यांना वाटतं तू कंपनीशी भांडतोयस.

आईने आजपर्यंत तावीच्या नावाने मेलेल्यांसाठीचे गहू शिजवले नव्हते. चाळीसावा दिवस आला आणि गेला, फादर घरी येऊन गेले, शेजारच्या फ्लोआरेने स्वतः अक्रोड फोडून आणून दिले, पण आई ढिम्म. "ज्याला मी मेलेला बघितला नाही त्याचे गहू मी शिजवणार नाही. त्याचा दिवा अजून परत आलेला नाही." जेवताना त्याची ताटली मांडते, उचलते, धुते. मी एकदा ओरडले तिच्यावर. म्हटलं, तू एकाची वाट बघतेस आणि त्यापायी माझा एक जातोय, तुझ्या लक्षात येतंय का? मोरीपाशी उभी राहून ती ताटली किती वेळ धूत राहिली कोण जाणे. मला लाज वाटली, पण मी माफी मागितली नाही. अजून मागितलेली नाही.

आज सकाळी, मी कामावर निघाले तेव्हा, ती दारात तयार होऊन उभी होती. काळा स्कार्फ बांधलेला. तावी गेल्यापासून तिने तो बांधला नव्हता, रंगीतच घालायची, लोक नावं ठेवायचे. म्हणाली, "मला पण यायचंय." फाटकाशी बालान गाडीतून उतरत होता. आई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो गडबडला, "सावेता मावशी, थंडीत कशाला..." ती म्हणाली, "इंजिनिअर साहेब, पंप बंद करा. मी त्याची आई आहे, मी सांगते. माझ्या पोराला पाण्यात राहू दे." आजूबाजूला माणसं होती, सगळ्यांनी टोप्या काढल्या. बालान म्हणाला, "मावशी, खाली तुमचा जावई आहे तोवर मी काहीच करू शकत नाही." तर आई म्हणाली, "म्हणूनच तर आले. आता त्याला वर घेऊन या. त्याला मी पाठवलं होतं, मीच परत बोलावते." मी आणि मितू तिच्या शेजारीच होतो. हे मितूला विचार, तो दाराबाहेरच आहे. मी खोटं सांगून तुला वर आणतेय असं वाटेल तुला, मी ओळखते तुला.

मी पण तेच म्हटलं, सेव्हर. बालानने माझ्याकडे बघितलं, बहीण म्हणून. मी म्हटलं, हो, बंद करा. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. तो माझा भाऊ आहे. लहानपणी मला खांद्यावर घेऊन नदी पार करायचा. मी त्याला पाण्याच्या स्वाधीन केलं, सगळ्यांदेखत, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. तू जे दार धरून उभा आहेस, त्यामागे आता आमच्यापैकी कोणी नाही. आम्ही त्याला सोडलं. तू धरून ठेवण्यासारखं काही उरलं नाही, फक्त तू उरलायस. घरी आल्यावर आईने मोठं पातेलं काढलं आणि गहू शिजत घातले. आता ताट तयार आहे, वर साखर पसरून अक्रोडाने क्रूस काढलाय, थोडा वाकडा आला. उद्या देवळात प्रार्थना झाल्यावर घरच्या चौघांनी चारी बाजूंनी ताट धरून उचलायचं असतं. फादर म्हणाले, शेजारच्या कोणाला तरी बोलवा. आई म्हणाली, नाही, शेजारचं कोणी नको. एक बाजू मी धरेन, एक आई, तिसरी मितू धरतो म्हणाला, तोही घरचाच. चौथ्या बाजूला तू ये. साखळी काढ, सेव्हर. मी पिंजऱ्याच्या तोंडाशी उभी आहे.

खिडकीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवून आलेली,
तुझीच
ओतिलिया