पारा पातळ का असतो

३ जून, सकाळ.
पंधरा दिवसांनी मुलाखत. बावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळली. आता सहायकाची जागा घ्यायचीच. मुलाखतीत बोलायचा विषय ठरला: पारा पातळ का असतो. हात जोडले. देव पाठीशी आहे.

७ जून.
आमच्या गावच्या शाळेत विज्ञान म्हणजे एक कुलूपबंद कपाट. तरी सगळं समजलं. पाऱ्याचा अणुगर्भ इतका जड, की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळतात. वेगाने ते जड होतात, बाहेरचेही आत ओढले जातात. मग शेजारच्या अणूला हात कोण देणार? म्हणून पारा उणे एकोणचाळीसलाच वितळतो. सोनं त्याच्या लगतचं, पण एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून घट्ट. वितळायला हजार चौसष्ट अंश! हिला सांगितलं. म्हणाली, गॅस संपलाय.

११ जून.
रोज पहाटे भाषणाचा सराव. आज पहाट हुकली. उद्यापासून नक्की.

१६ जून.
दोन्ही धातू शेजारी ठेवून दाखवणार. हिच्याकडे सोन्याची बांगडी मागितली. म्हणाली, अहो, ती आईची. आई गेल्यापासून उतरवली नाही मी. म्हटलं, पारा कुणालाच धरत नाही, तुझ्या बांगडीला काय करणार? साबण लावून काढली. म्हणाली, जशी नेताय तशी आणा.

१८ जून, संध्याकाळी ५.३०.
मुलाखत उत्तम! सोनं पाऱ्यात बुडतं, हेही उत्साहात दाखवलं. चिमट्याने काढली तर बांगडी पांढरी. पुसली. आणखी पांढरी. प्राचार्य म्हणाले, अहो, पारा सोनं खातो हे नववीतली पोरंही सांगतील. म्हणजे विषयात रस घेतला. घरी सांगितलं, पॉलिशला दिलीय.

१९ जून.
प्राचार्य म्हणाले, तुम्ही बोलता छान, त्याचीच भीती वाटते. जागा माझ्या हाताखालच्या पोराला मिळाली, ज्याला मी 'टापटीप' म्हणतो. त्याने लगेच हात पुढे केला. मी हात मिळवायला गेलो, तर म्हणाला, दादा, पाऱ्याच्या कपाटाची किल्ली द्या. माझ्या तब्येतीची काळजी असेल.

२२ जून.
हिने बांगडी मागितली. द्यावी लागली. ठिसूळ होऊन दोन तुकडे झाले होते. तुकडे घेऊन, चप्पल घालून ती सोनाराकडे निघाली. मीही गेलो. सोनार म्हणाला, वहिनी, पारा उडवून वितळवावीच लागेल, घडण काही राहत नाही. भट्टीपाशी मी हिला समजावू लागलो, एवढी उष्णता का लागते ते. सोन्याची गोळी निवल्यावर तिने तळहातावर घेतली. म्हणाली, हं, बोला पुढे. ऐकतेय मी.

पुढचं आठवेना.