नात्याचा रकाना

६ फेब्रुवारी १९३८, रविवार. कारंजा.

शुक्रवारच्या पानावर मी लिहिलं आहे — 'डॉक्टरांनी नकार दिला.' हे चूक आहे. त्यावर एक रेघ मारली, पण खालचं वाचता येईल अशी. बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं, तेव्हाची त्यांची शिस्त — चुकलेलं गिरगटून टाकायचं नाही, शेजारी बरोबर काय ते लिहायचं.

तर बरोबर असं आहे. डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले!

वर्षभरात ही माझी अकोल्याची चौथी खेप. लहान गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने. त्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. कधीपासून वाटतं? कुणी भरीला घातलं का? उद्या पस्तावलीस तर? मी पुन्हा तीच उत्तरं दिली. उत्तरं बदलतात का ते बघत होते बहुतेक. मग चष्मा काढून म्हणाले, "जे आहे ते मी काढू शकतो. जे नाही ते घडवू शकत नाही. आरशात फारसा फरक दिसणार नाही. चालेल?"

मी म्हटलं, आरशासाठी नाही. अंघोळ करताना डोळे मिटून घ्यावे लागू नयेत, एवढंच.

ते म्हणाले, "कायद्याची धास्ती मलाही आहे. पण तुझ्या हितासाठी करतो आहे, असं कागदावर स्वच्छ लिहीन." आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. नाव, वय, राहणार. सगळ्यात खाली — जवळच्या नातलगाचे नाव. नाते. सही अथवा अंगठा.

"रक्ताचं माणूस लागेल. सहीला, आणि तीन आठवडे उशाशी बसायला. आहे कुणी?"

मी कागदाची घडी केली आणि बाहेर पडले. म्हणजे पळाले मी, आणि घरी येऊन नकार त्यांच्या नावावर लिहिला! केवढा अन्याय.

मार्चअखेर त्यांची पेन्शन. नंतर हे काम इथे दुसरं कुणी हातात घेणार नाही, असं तेच म्हणाले. सात मार्चपर्यंत कागद भरून आणला तर त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी करतील.

८ फेब्रुवारी, मंगळवार

कागद भरला. नाव — पंचफुला. वय — तेवीस. राहणार — कारंजा. नात्याचा रकाना रिकामा.

आज रुखमामावशीला सगळं सांगितलं. मावशी नात्याची नव्हे. सुईण आहे. चार वर्षांपूर्वी घर सोडून आले आणि तापाने तिच्या ओट्यावर पडले, तेव्हापासून तिच्याकडेच आहे. ताप उतरल्यावर मी तिला जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "शेकडो लेकरं उपजवले म्या या हातानं. पोरगा का पोरगी, पयले मीच सांगतो. तुह्या वेळची सुईन चुकली व! होते कधी कधी."

पंचफुला हे नाव तिनेच ठेवलं. कानात कुर्र करून!

(मावशी 'मी सांगतो', 'मी जातो' असंच बोलते. इथल्या सगळ्याच बाया तशा बोलतात, त्यांच्या बाईपणाला काही होत नाही. मी मात्र या वहीत 'जाते', 'करते' लिहिते — कुणी तपासायला येणार असल्यासारखी.)

कागदाचं ऐकून मावशी लगेच म्हणाली, "माहं नाव लिव. माय म्हून."

"तू आई नाहीस ना गं."

"मंग? डाक्टर काय पाळना पाह्यले येते काय?"

मला नाही लिहवलं. ऑपरेशनच्या दिवसाची सुरुवात खोट्याने कशी करू? मावशी चिडली. चुलीपाशी जाऊन भांड्यांशी बोलू लागली. "चाळीस दिस लोळून राह्यचं, शेक घ्याचा, डिंकाचे लाडू खायाचे. हे बाळंतपनच झालं. अन् पयलं बाळंतपन मायेरीच होते, हे कोनं नाई सांगतलं इले?"

मी हसले. मग थोडी रडलेही — लिहायला हवं.

१३ फेब्रुवारी, रविवार

जमनाबाई आली होती. मूर्तिजापूरला हिजड्यांचा डेरा आहे, त्यातली. तीन वर्षांपूर्वी तिने मला 'आमच्यात ये' म्हटलं होतं, मी गेले नाही. राग धरेल असं वाटायचं. तिने कधीच धरला नाही.

मी विचारलं, तुमच्यात कसं करतात? तिने पदर सावरला. "दाई करते. ना सुई, ना दवा. मी वाचली. माह्यासंगं गुलाब होती, थे नाई वाचली." मग — "डाक्टर करतो म्हन्ते त नशीब हाय तुहं. पाया पड त्याच्या."

मग दोन तास मला शिकवत बसली. पहिले दिवस कसं निजायचं, पाय कुठे ठेवायचे, पाणी भीतीने कमी प्यायचं नाही. यातलं डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं. जाताना कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या दिल्या. "चाळीस दिवस झाले का भर. त्याच्या आंधी नाई हं!"

ज्यांना मी नाही म्हटलं, ती माणसंही माझ्यासाठी वाट वाकडी करून येतात. हे कसं फेडायचं असतं?

१६ फेब्रुवारी, बुधवार

वखारीत तूर निवडायला गेले. मावशीने तिथल्या बायांना सांगून ठेवलंय — पंचफुलाचं पोटाचं आपरेशन आहे. मला राहवेना. मुकादमीण चंदाबाईजवळ बसले आणि हळूच म्हटलं, "चंदाबाई, ते पोटाचं नाही हो—"

तिने सुपातून मान वर केली नाही. "पोट कुटपर्यंत असते थे आमाले ठाऊक हाय. तू तूर निवड."

सगळ्या बाया खाली बघून निवडत होत्या. रामीबाईचे खांदे हसून हलत होते. पण वाईट हसू नव्हतं. नक्की नव्हतं.

घरी निघताना माझ्या जोड्यांशेजारी एक गाठोडं. धुऊन मऊ केलेल्या जुनेराची फडकी, आणि पुडीत डिंक. कुणी ठेवलं, कुणीच सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

भयंकर झालं!

खेमा गाडीवान माझ्या गावाकडे, कामरगावला, माल नेतो. मावशीने गुरुवारी त्याच्याजवळ माझ्या आईला निरोप धाडला — "मनकर्णाबाईले सांग, तुह्या लेकीचं बाळंतपन हाय, ये." मला आज सांगते!

"मावशी, हे खोटं आहे!"

"कोनतं खोटं? मनकर्णाबाई तुही माय नोहे?"

"आहे. पण बाळंतपण—"

"त्याच्याबिगर कोनती माय गाडीत बसते, सांग!"

चार वर्षांत घरचं कुणी भेटलं नाही. दादा — इंद्रभान — शेवटचं म्हणाला होता, "लुगडं नेसून या गावात आलास त दार उघडनार नाई." बाबा गेले तेव्हा मला निरोप मिळाला तेरावं झाल्यावर. आणि आता त्या घराच्या ओट्यावर उभं राहून खेमा हे सांगणार. लोक हसतील आईला. माझ्यामुळे पुन्हा.

२० फेब्रुवारी, रविवार

कार्ड लिहिलं. 'आईस सा. न. निरोप चुकीचा आहे. बाळंतपण नाही. त्रास दिला, माफी असावी.'

मग लक्षात आलं, आईला वाचता येत नाही. वाचणार दादा. मोठ्याने.

कार्ड वहीत ठेवलं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

खेमा आला. आल्याबरोबर हसायला लागला. मी म्हटलं, काका, आधी सांगा. त्याने सांगितलं तसंच उतरवते, माझं काही घालत नाही.

"मनकर्णाबाई ओट्यावर हरबरा सोलत होती. इंद्रभान बी होता. म्या निरोप सांगतला. शेजारची बुढी हासली ना! 'इले कुटची व लेक? दोनी पोरंच त हायेत.' इंद्रभान उठला, गोठ्याकडं चालला गेला. मनकर्णाबाई सोलूनच राह्यली, सोलूनच राह्यली. मंग म्हने, 'हाय एक. कारंजाले रायते.' अन् मले पानी देल्लं."

"आणखी?"

"बाज इनून ठेवली काय, म्हने."

"येते म्हणाली?"

"नाई. येत नाई असं बी नाई म्हनली."

'हाय एक.' खेमाकडून मी ते तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, बहिरी हायेस काय व?

आईने मला दहा वर्षं न्हाऊ घातलं आहे. बाळंतपण असू शकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेजारीण हसली, तेव्हा 'निरोप चुकला असंल' एवढं म्हणाली असती तरी सुटली असती. नाही म्हणाली.

मीही कार्ड टाकणार नाही. ही पहिली चूक, जी मी दुरुस्त करत नाही.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

बाजेची सुंभं सैल झाली होती. पुन्हा घट्ट विणून घेतली.

२ मार्च, बुधवार

आज गाडी आली. पोतीच होती.

५ मार्च, शनिवार

सोमवारी अकोल्याला जायचं ठरवलं. डॉक्टरांना खरं ते सांगायचं — रक्ताचं कुणी नाही. मावशी आहे, ती मावशी म्हणून अंगठा देईल, चालेल का? नाही म्हणाले तर नाही. मग हा कागद परत घडी करायचा, आणि पुन्हा कुणाला विचारायचं नाही.

मावशी म्हणाली, "एक 'माय' लिव्याले तुहा टाक मोडते काय?" मोडत नाही. पण आई आहे ना. तिने आहे म्हटलं. तिच्या जागी दुसरं नाव लिहिलं, तर तिचं ते म्हणणंच खोडल्यासारखं होईल.

फार वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. डॉक्टर चार वेळा ऐकून घेतात, जमनाबाई शिकवायला येते, चंदाबाई मला गप्प बसवते, मावशी माझ्यासाठी बिनदिक्कत खोटं बोलते. डिंकाचे लाडू तर झालेसुद्धा. डबा भरला आहे. काहीच झालं नाही तर ते वखारीतल्या बायांना वाटून टाकीन. चंदाबाईला दोन.

६ मार्च, रविवार

आई आली. खेमाच्या गाडीतून, दुपारी. बसायला गाडीत कडबा पसरलेला — तो दादाने पसरून दिला, असं खेमा म्हणाला.

आईने आधी बाज हाताने दाबून बघितली. मग मला. मग मावशीला म्हणाली, "बाळंतपन नाई हे समजते मले. चाळीस दिस रायतो मी."

मी कागद उलगडला. नातलगाचं नाव लिहिलं. रकान्यापाशी टाक थांबला. मुलगा म्हणा, मुलगी म्हणा, दोन्हींकडे चालेल असा शब्द मी शोधला होता. भीतभीत विचारलं, "मायलेक लिहू?"

"मायलेक काहून?" आई म्हणाली. "मायलेकी लिव."

लिहिलं. तिने तव्यामागच्या काजळीत अंगठा बुडवला आणि खाली उठवला.

उद्या कागद घेऊन दोघी अकोल्याला. पुढच्या पानावर ऑपरेशनची तारीख आजच लिहून ठेवते —

शुक्रवार, ११ मार्च १९३८.