तांदळावरचं नाव

इल्झे,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच मराठीत लिहितोय.

आज तिसऱ्यांदा नगरला भंडारी सीएंकडे जाऊन आलो. संगमनेरहून एसटीत अडीच तास, आणि काम शून्य! तू रिगाला परत गेलीस, त्यामुळे सरकारच्या लेखी तू आता अनिवासी. तुझं इन्कम टॅक्स रिटर्न वेगळ्या फॉर्मवर भरायचं. तुझं पॅन कार्ड पासपोर्टवरच्या नावाने आहे. पण इथल्या कॉलेजच्या पगारातून तू पतसंस्थेत ठेवलेली ठेव मात्र ‘मृण्मयी किरण गुंजाळ’ या बाईची आहे.

"ह्या कोण?" भंडारींनी चष्म्यावरून बघत विचारलं. "दुसरं लग्न केलंत का?"

काय सांगणार, कपाळ? लग्नात परातीतल्या तांदळावर अंगठीने ते नाव मीच लिहिलं होतं. तू हसत हसत हाताने तांदूळ सारखे केलेस आणि म्हणालीस, "छान आहे, पण मी इल्झे." तरी पतसंस्थेचा फॉर्म भरताना मी तेच नाव घातलं. आई मागे लागली होती, "सुनेला घरचं नाव नको व्हय?" फॉर्म मराठीत होता. मी बोट ठेवलं तिथे तू सही केलीस.

आता दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र हवंय. भंडारींनी ते इंग्रजीत करून दिलंय. तुला मेल करायला दोनदा घेतलं आणि दोनदा ठेवून दिलं. खाली सही तुझीच लागते, आणि या वेळी तू वाचल्याशिवाय सही करणार नाहीस.

कागदोपत्री अजून तुझाच,
किरण