नरसिंहाचं शूटिंग

१७ एप्रिल २००५

पंच येऊन गेले. नरसिंहाचं सोंग यंदा आमच्या घरातून निघणार का न्हाई, ते दोन दिवसांत कळवा म्हणे. न्हाई निघालं तर मुखवटा पंचांतल्या सर्जेरावच्या पुतण्याकडं, भुजंगकडं. एकदा गेलेला मान परत येत न्हाई, हेबी सांगून गेले — आम्हाला माहीतच नसल्यासारखं!

आबा खाटेवर, गुडघ्याखाली उशी. एकतीस वर्षं जयंतीला हाच माणूस कागदाचा खांब फाडून बाहेर यायचा आणि संबळाच्या तालावर देवळापर्यंत नाचत जायचा. आता मोरीपर्यंत जायला मला धरावं लागतं.

मी का नाचत न्हाई? चार वर्षांमागं मुखवटा घातल्ता. तिसऱ्या गिरकीला संबळवाल्याच्या अंगावर पडलो. तवापासून गाव मला हिरण्यकश्यपू म्हणतं. देवाचं सोंग घेऊन राक्षसाचं नाव कमावणारा मी एकटाच असेन.

१९ एप्रिल

सुचलं! लग्नाच्या शूटिंगवरच पोट आहे माझं, टेंभुर्णीत दुकान आहे. आबांचा नाच एकदाच शूट करायचा आणि जयंतीला मोठ्या पडद्यावर लावायचा. खांब फुटताना आवाज, त्याच टायमाला उजेड. आबा मुखवटा मांडीवर घेऊन बाजूला बसतील.

पंचांसमोर मांडलं. सर्जेराव हसला. म्हणाला, "चालंल. पण नाचणारा तुझा बाप रामरावच पाहिजे, मच्छिंद्रा. दुसरं कुणी न्हाई." त्याला वाटतं मला जमणार न्हाई. मलाबी तेच वाटतं, पण त्याला कशाला सांगू.

२४ एप्रिल

जालन्याला गेल्तो, कडूबाकडं. मिक्सिंगमधला आपल्या भागातला मोठा माणूस, असं तोच सांगतो. त्याचं म्हणणं — चित्र, आवाज, उजेड म्हणजे तीन बैल. एका औताला जुंपले की कळतं कोण किती आळशी आहे.

सरावाला एका लग्नाची फीत घेतली. नवरीनं हार उचलायच्या आत टाळ्या वाजल्या. मागं सरकवल्या, तर हार घालून दोघं बसले तरी टाळ्या न्हाईत. मंग आपली बढाई म्हणून हॅलोजन लावला आणि पडद्यावरून नवरा-नवरी दोघंबी गायब! उजेड पडद्यावर पडला की चित्र मेलं. म्हणजे उजेड पाडायचा तो बघणाऱ्यांवर. दहा वर्षं लोकांच्या तोंडावर लाईट मारून राह्यलो, आणि हे आज शिकलो.

२८ एप्रिल

आबांना मुखवटा बांधला. कॅमेरा चालू. चार पावलं. पाचव्याला गुडघा गेला. आबांनी मुखवटा सोडला, उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "देऊन टाक भुजंगला."

मी कॅमेरा बंद केला आणि बाहेर जाऊन उगाच वायरी गुंडाळत बसलो. लई वाईट वाटलं.

३० एप्रिल

आबा अंबडला आत्याकडं गेले, गुडघ्याला तेल चोळून घ्यायला. दोन हप्ते तिकडंच.

१ मे

हे लिहू का नको? लिहितो. ही वही घरात कुणी वाचत न्हाई.

सकाळी माय म्हणाली, कॅमेरा लाव. मला वाटलं, आठवण म्हणून घराचं शूटिंग पाहिजे असेल. बाहेर आलो तर अंगणात ती — आबांचं धोतर, आबांची घुंगरं, आणि तोंडावर मुखवटा. बाईमाणसानं ज्याला हात लावायचा न्हाई, तो मुखवटा!

सोंगापुढं आरतीचं ताट घेऊन घरची बाई चालते. देवाकडं तोंड आणि देवळाकडं पाठ, म्हणजे उलट्या पावली. एकतीस वर्षं माय तशी चालली. आबांचं एकेक पाऊल तिच्या डोळ्यांपुढं पडलेलं. सगळ्या गावात हा नाच नीट पाहिलेलं एकच माणूस, आणि त्याला कुणी कधी इचारलंच न्हाई.

नाचली. काय नाचली! मुखवटा काढून घाम पुसला आणि म्हणाली, झालं का? मी बघतो तर बटण दाबलंच नव्हतं.

तिनं मुखवटा परत बांधला आणि परत नाचली. दार लावलेलं, संबळ टेपवर.

गावाला सांगायचं, आबांची चार पावलं कॉम्प्युटरनं जोडून वाढवली. कॉम्प्युटरनं केलं म्हटलं की आमच्याकडं पुढं कुणी इचारत न्हाई. आबांनाबी तेच सांगायचं, असं माय म्हणाली. खरं कळलं तर त्यांच्या मनाला लागेल म्हणाली.

५ मे

नवीन कटकट. नरसिंह निघतो दिवेलागणीला — दिवसबी न्हाई, रातबी न्हाई. प्रोजेक्टरला लागतो अंधार. एक तास उशिरा काढू म्हटलं, तर सर्जेराव म्हणे देवानं तुझ्या मशीनची वाट बघायची का!

कडूबानं तोड काढली. मंडपाला तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या. प्रोजेक्टर पडद्याच्या मागं, आणि पडदा ओला — ओल्या कापडातून चित्र आरपार येतं. ऐन वैशाखात कापड ओलं ठेवायचं, हे तो फोनवर किती सहज बोलून गेला.

९ मे

मागून चित्र टाकलं की डावं उजवं होतं. ते कॉम्प्युटरवर सुलटं करायचं, असं कडूबानं बजावलं होतं. केलं. नाच चुकीचा दिसायला लागला! आबांचं पहिलं पाऊल उजवं, आणि हिचं डावं. रागानं मायला बोलावलं. ती म्हणाली, "मी समोरून शिकले ना रे बाबा."

म्हणजे समोर उभी राहून ती आरशासारखं उलटं शिकली, आणि मागून टाकलं की आपोआप सुलटं होतं. कॉम्प्युटरचं काही कामच न्हाई. दोन दिवसांची मेहनत पुसून टाकली.

१५ मे

आबा आले. इचारलं, चार पावलं पुरली का? पुरली म्हटलं. "बरं," म्हणाले.

२२ मे

जयंती. लाईट दुपारपासून गेलेली, जनरेटर आणला. यंदा देव चालणार न्हाई, तर ताटवालीचं काय काम, म्हणून माय पडद्यामागं. हातात लोटा. कापड वाळलं की हबका मारायचा. स्वतःच्याच अंगावर पाणी शिंपडून राह्यली होती ती, आणि पुढं पाचशे माणूस हात जोडून.

खांब फुटला. उजेड लोकांच्या तोंडावर बराबर पडला, आवाज अर्धा सेकंद मागून आला. एक बैल आळशी राह्यलाच. पण कुणाला कळलं न्हाई, पुढची पोरं आधीच किंचाळली होती. म्हाताऱ्या बाया पडद्याच्या पाया पडल्या. एकीनं कुंकू लावलं पडद्याला. प्रोजेक्टर भाड्याचा आहे, पडदा माझा.

सर्जेराव आबांजवळ आला. म्हणाला, "रामराव, जवानीतबी असा नाचला न्हाईस!" आबांनी मान हलवली. ते मुखवटा मांडीवर घेऊन शेवटपर्यंत पडद्याकडं बघत बसले होते. त्यांनी हा नाच कधी पाहिलाच नव्हता. मुखवट्याच्या आतून काय दिसतं?

मान घरातच राह्यला. मला आनंद झाला, आणि लाजबी वाटली.

२३ मे

दुकानात गर्दी. सगळ्यांना नाचाची सीडी पाहिजे. भुजंगला त्याच्या हळदीत असाच खांब फोडून पाहिजे. मला आज कुणी हिरण्यकश्यपू म्हणलं न्हाई. हुशार पोरगा म्हणे, घराण्याची कला राखली!

२६ मे

सकाळी चुलीपाशी आबा आणि माय. मी दारात होतो, त्यांना माहीत न्हाई.

आबा म्हणाले, "गिरकी घेताना हात ताट धरल्यासारखे व्हतात तुझे. आणि मुखवटा ढिला होता. पुढल्या वर्षी मी बांधून देतो."

माय भाकरी थापत होती. थापतच राह्यली. मंग म्हणाली, "पोटऱ्या लई दुखतात व्हय. एकतीस वर्षांत कधी सांगितलं न्हाई तुम्ही."